कठीण वाट आणि वाढती गर्दी

माझा भाचा गेल्या सुट्टीत आठ दिवस आमच्याकडे राहावयास आला, तेव्हा त्याने सोबत आपला व्हिडिओ गेमही आणला होता. दुपारची जेवणे आटोपली की तो टीव्हीसमोर बसे आणि एका चिलखतधारी शिपायाला कुठल्याशा उद्ध्वस्त किल्ल्यातून चालवीत नेई. तो शिपाई मरे. पुन्हा उठे, त्याच वाटेने जाई, पुन्हा मरे. एका दुपारी मी सहज मोजले, सतरा वेळा. अठराव्या खेपेस समोरचा राक्षस कोसळला आणि भाच्याने काही क्षण नुसते डोळे मिटून घेतले. परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही त्याचा चेहरा इतका निवलेला मी पाहिला नव्हता. परंतु संध्याकाळी चहा घेताना तो म्हणाला, "मामा, खरं सांगू? आता यात पूर्वीची मजा राहिली नाही. सगळ्या जगाला आवडायला लागलं, आणि तिथंच सगळं बिघडलं."

ही तक्रार मी आयुष्यात अनेकदा ऐकली आहे. नाटक मंडळींविषयी, गायकांविषयी, नियतकालिकांविषयी. स्वतःही केली आहे. महाविद्यालयात असताना एका कवीचा एक पातळसा संग्रह आम्हां चार मित्रांत हातोहात फिरे. पुढे त्यातली एक कविता शालेय पाठ्यपुस्तकात आली, तेव्हा मला आनंद व्हावयास हवा होता. झाला मात्र विषाद. कविता होती तशीच होती. तिच्यातला एक शब्दही बदलला नव्हता. म्हणून भाच्याच्या वाक्याकडे मला 'मुलांचे बोलणे' म्हणून दुर्लक्ष करता येईना. कलाकृती लोकप्रिय झाली म्हणजे तिच्या कर्त्याची सर्जनशीलता खरोखरच आटते काय, की केवळ आपला एकांत मोडतो म्हणून आपण रुष्ट होतो?

ज्या खेळांविषयी तो बोलत होता, त्यांचा इतिहास थोडक्यात सांगावयास हवा. हे खेळ जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचे. तिचा पहिला खेळ, 'किंग्ज फील्ड', १९९४ साली निघाला. हिदेताका मियाझाकी हा गृहस्थ तेथे २००४ साली रुजू झाला. त्याआधी तो ओरॅकल या संगणक कंपनीत नोकरीस होता आणि 'इको' नावाचा एक खेळ पाहून त्याने तिशीच्या उंबरठ्यावर आपला मार्ग बदलला. कंपनीत एक प्रकल्प रखडला होता, बहुतेकांनी त्याची आशा सोडली होती. मियाझाकीने तो आपणहून अंगावर घेतला. जे आधीच फसलेले मानले जाते, ते आपल्या हातून फसले तरी कोण विचारणार, असा त्याचा हिशेब होता. त्यातून २००९ साली 'डीमन्स सोल्स' बाहेर पडला. सोनीतील एक वरिष्ठ अधिकारी शुहेई योशिदा यांनी तो प्रसिद्धीपूर्वी खेळून पाहिला, बराच वेळ घालवूनही ते आरंभापलीकडे जाऊ शकले नाहीत, आणि खेळ अत्यंत वाईट आहे असे त्यांनी ठरविले. सोनीने तो पाश्चात्त्य देशांत स्वतः काढलाच नाही. अमेरिकेत तो ॲटलस या दुसऱ्या कंपनीने काढला. आपली चूक झाली, हे योशिदा यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले.

या खेळाचा नियम ऐकण्यासारखा आहे. शत्रू मारून जे मिळते, त्यालाच 'सोल्स', म्हणजे आत्मे, म्हणतात. तेच धन आणि तीच शक्ती. आपण मेलो की ते सारे मेल्या जागी पडून राहते. पुन्हा तेथवर पोहोचलो तर परत मिळते. वाटेत पुन्हा मेलो तर कायमचे जाते. खेळ मध्येच थांबविण्याची सोय नाही. कथा कोणी सांगत नाही; एखाद्या अंगठीच्या, एखाद्या गंजलेल्या तलवारीच्या वर्णनात तिचे चार शब्द सापडतात, बाकीचे आपण जुळवायचे. मियाझाकीने लहानपणी इंग्रजी कथांची पुस्तके वाचली, तेव्हा त्याला सगळा मजकूर कळत नसे आणि न कळलेल्या जागा तो चित्रांच्या आधाराने मनाने भरून काढी. त्या सवयीचा हा वारसा आहे.

वरवर पाहता असे वाटेल की, येथे माणसाला छळणे हाच हेतू. पण भाच्याशेजारी बसून मला काही वेगळे दिसले. जेथे चुकीला किंमत आहे, तेथे माणूस पाहू लागतो. कोपऱ्यामागे कोण दडले आहे, जिन्याची कोणती पायरी अंधारात आहे, समोरचा घाव घालण्याआधी खांदा कसा वळवितो, हे त्याला दिसू लागते. काठिण्य हे अवधानाचे साधन होते. २०११ साली आलेल्या 'डार्क सोल्स'मध्ये याचा परमोच्च बिंदू आहे, असे जाणकार मानतात, आणि मलाही ते पटले. त्या जगात आरंभी दूरचा प्रवास क्षणात करण्याची युक्ती नाही. प्रत्येक पाऊल चालावे लागते. कित्येक तास वर वर चढत एका पडक्या चर्चपाशी पोहोचल्यावर तेथे एक लिफ्ट सापडते. ती खाली, आणखी खाली जाते, आणि दार उघडते तेव्हा आपण जेथून निघालो त्याच शेकोटीपाशी उभे असतो. भाच्याने तो प्रसंग मला मुद्दाम दाखविला. आपण इतका वेळ एकाच डोंगराच्या अंगाखांद्यावर होतो, हे एकदम कळते. असा आनंद मला एरवी चांगल्या कादंबरीच्या उत्तरार्धातच मिळाला आहे.

मग लोकप्रियता आली. पुढच्या वर्षी संगणकासाठी काढलेल्या आवृत्तीला 'मरणास सिद्ध व्हा' अशा अर्थाचे नाव दिले गेले. जे साधन होते ते पाटीवर चढले. माल म्हणून काठिण्य विकले जाऊ लागले. २०१४ साली 'डार्क सोल्स'चा दुसरा भाग निघाला. मियाझाकी तेव्हा दुसऱ्या खेळात गुंतला होता; या भागावर त्याची केवळ देखरेख होती. आता एका शेकोटीवरून दुसरीवर पहिल्यापासूनच उडी मारता येत होती, आणि मग जग एकसंध विणण्याची निकड कोणाला राहणार? त्यात एका पवनचक्कीच्या माथ्यावरून लिफ्टने वर जावे, तर आपण तप्त लाव्ह्याच्या सरोवरात उभ्या असलेल्या लोखंडी किल्ल्यापाशी पोहोचतो. बाहेरून पाहिले तर त्या चक्कीच्या वर केवळ आकाश आहे! लिफ्ट तीच, पहिल्या खेळात तिने जग जोडले, दुसऱ्यात तोडले. (त्या भागाचेही निष्ठावंत चाहते आहेत आणि ते माझ्याशी वाद घालतील, हे भाच्याने मला बजावून ठेवले आहे.)

पुनरावृत्तीचे आणखी एक उदाहरण देतो, कारण त्यात मला सगळ्या प्रश्नाचे सार दिसते. पॅचेस नावाचा एक लबाड इसम पहिल्या खेळापासून आहे. खड्ड्याच्या काठाशी उभा राहून तो सांगतो की खाली खजिना चमकतो आहे. आपण वाकून पाहिले की लाथ मारतो. पहिल्या वेळी ही फसवणूक होती, आणि लोभाविषयी ती काही शिकवीत होती. पुढे तो 'डार्क सोल्स'मध्ये आला, २०१५ च्या 'ब्लडबोर्न'मध्ये आला, 'डार्क सोल्स'च्या तिसऱ्या भागात आला, २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्येही आला. आता तो दिसला की खेळणारे हसतात. माझा भाचा तर त्याची लाथ मुद्दाम खाऊन घेतो. येथे बिघाड कोणात झाला? लबाड होता तसाच आहे. खेळणारा अनुभवी झाला आहे, आणि आपल्या परिचयाचा सन्मान व्हावा अशी त्याची अपेक्षा आहे.

म्हणूनच भाच्याच्या निदानाशी मी सहमत होऊ शकलो नाही. दोष तो नव्या गर्दीला देतो. मला तो जुन्या भक्तांकडेही जाताना दिसतो. नवखा माणूस दार थोडे रुंद करा म्हणतो. जुना म्हणतो, मला पहिल्या वेळी झाली होती तीच जखम पुन्हा द्या, आणि अधिक खोल द्या. आता सराईताला जखम करणे सोपे नाही. मग राक्षस अधिक वेगवान होतात. शत्रू घाव उगारतो आणि तो मध्येच हवेत रोखून धरतो, कारण सराईत खेळाडू सवयीने आधीच बाजूला लोळण घेतो आणि ती सवय मोडावयाची असते. हा कर्ता आणि जुना खेळाडू यांच्यातला खाजगी संवाद झाला. नवख्याला त्याचा संदर्भ ठाऊक नसतो. तो केवळ मार खातो.

वस्तुस्थितीही गर्दीविरुद्ध साक्ष देत नाही. मियाझाकी २०१४ साली कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि कीर्ती मिळाल्यानंतरच त्याने मोठी धाडसे केली. 'ब्लडबोर्न'मध्ये त्याने खेळाडूंची लाडकी ढाल जवळजवळ काढून घेतली. जी एक लाकडी फळी सुरुवातीच्या भागात सापडते, तिच्या वर्णनातच ढालीची थट्टा आहे. २०१९ च्या 'सेकिरो'मध्ये शस्त्रे आणि बळ हवे तसे निवडून वाढविण्याची जुनी सोय नाही. शत्रूचा तोल जाईपर्यंत तलवारीवर तलवार आपटत राहावे लागते, नुसते बाजूला होऊन भागत नाही. 'एल्डन रिंग'ने तर विस्तीर्ण मोकळा मुलूख दिला, जेथे एक वाट अडली तर दुसरीकडे निघून जाता येते. त्याच्या प्रती तीन आठवड्यांच्या आत एक कोटी वीस लाखांवर आणि २०२५ पर्यंत तीन कोटींवर गेल्या. त्यात पुनरावृत्ती आहे. भुयारी थडगी एकासारखी एक आहेत, तेच राक्षस पुन्हा भेटतात. एवढा मुलूख भरावयाचा म्हणजे हे ओघानेच येते. पण प्रथमच त्या मैदानात पाऊल टाकणाऱ्याचे भान हरपते, हेही मी पाहिले आहे. कर्ता शिळा झाला तो मुख्यत्वे जुन्या नावाखाली. नवे नाव घेतले की त्याला नवे सुचले.

याची जाणीव त्याला स्वतःला नसेल, असे मला वाटत नाही. 'डार्क सोल्स'चा तिसरा भाग २०१६ साली निघाला. त्याच्या कथेत एक पवित्र अग्नी विझत आला आहे आणि तो पुन्हा पुन्हा चेतविण्यासाठी पूर्वीच्या राजांना राखेतून उठविले जाते. ज्या भव्य नगरीने पहिल्या खेळात डोळे दिपविले होते, ती येथे पुन्हा भेटते. थंड, उजाड, सडू लागलेली. २०१७ च्या पुरवणीत सारी राज्ये एकमेकांवर कोसळून राख झालेली असतात, आणि एका चित्रात राहणारी एक मुलगी नवे जग रंगविण्यासाठी रंगाची वाट पाहत असते. लोकांच्या आग्रहाने चालू ठेवलेल्या मालिकेने स्वतःविषयी याहून स्पष्ट काय सांगावे? त्यानंतर त्या नावाचा चौथा भाग निघालेला नाही. तीन कोटी लोकांच्या बाजारपेठेत एखादी गोष्ट संपवून दाखविणे हीही एक कल्पकता आहे, असे मी मानतो.

हे सारे मी भाच्याला सांगितले. तो ऐकून घेतो, वाद घालीत नाही. पण मुद्दा सोडीतही नाही. "मामा, पण आता लोक मदतीला दुसऱ्यांना बोलावतात आणि जिंकतात. त्याला काय अर्थ आहे?" तो म्हणाला. मदत घेऊन मिळविलेला विजय खरा नव्हे, असे त्याच्या मंडळीत मानले जाते. ज्याचा हात अधू आहे, ज्याला दिवसाकाठी अर्धाच तास मोकळा मिळतो, त्याने काय करावे, असे मी विचारले. त्यावर तो गप्प राहिला.

मग मी त्याला त्या मदतीच्या सोयीची उत्पत्ती सांगितली. ती मियाझाकीने एका मुलाखतीत सांगितलेली आहे. बर्फ पडलेल्या चढावर गाड्या अडकल्या होत्या. त्याची गाडी मागच्या गाडीने ढकलली, तिला तिच्या मागचीने, आणि असे करीत सगळे चढ चढून गेले. थांबून आभार मानावेत तर आपलीच गाडी पुन्हा अडकायची. ज्यांनी ढकलले ते कोण होते, हे त्याला कधीच कळले नाही. 'डीमन्स सोल्स'मधील मदत त्या चढावर सुचली, खेळ कोणाला ठाऊक नव्हता तेव्हाच.

भाचा काही बोलला नाही. रात्री उशिरा पाणी पिण्यासाठी मी उठलो, तेव्हा तो अजून टीव्हीसमोर होता. त्याच्या शिपायाने एका दाराबाहेर जमिनीवर एक सोनेरी खूण उमटविली होती, म्हणजे आत जाऊ पाहणाऱ्या कोणालाही त्याला बोलावता यावे. कोणीतरी बोलावले. दोघे आत गेले आणि तो अनोळखी माणूस अर्ध्या मिनिटात मेला. भाचा आपल्या जगात परत आला. त्याने खूण पुन्हा उमटविली. "अरे, किती वाजले?" मी म्हटले.

"हा चौथ्यांदा बोलावतोय, मामा," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "तो डावीकडे लोळतो, तिथंच चुकतो. पण मला ते त्याला सांगता येत नाही. मी फक्त उजवीकडे लोळून दाखवतोय."