मत्स्यटाकीतील वनस्पती आणि अनर्थदंडाचा प्रश्न

मार्केट यार्डाच्या शेजारामुळे व्यापारी जैन कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या पुण्याच्या बिबवेवाडीत, सदनिकेतल्या गोड्या पाण्याच्या लहान मत्स्यटाकीत जिवंत वनस्पती लावाव्यात की प्लास्टिकच्या, हा प्रश्न केवळ सजावटीचा राहत नाही. जैन तत्त्वज्ञानानुसार टाकीतले पाणी अप्काय, म्हणजे पाणी हेच ज्यांचे शरीर आहे अशा जीवांचे बनलेले असते, वनस्पती एकेंद्रिय जीव असते आणि मासा पंचेंद्रिय असतो. त्यामुळे टाकी सांभाळणाऱ्याच्या प्रत्येक कृतीचा कोणत्या ना कोणत्या जीवाशी संबंध येतो.

वनस्पतीला जीव आहे, हे भारतीय परंपरेत अनेकांनी मानले, पण त्या जीवाची क्षमता सर्वांनी सारखी मानलेली नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने ज्या महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण केली, त्याच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला सांगतो की उष्णतेने पाने कोमेजतात म्हणून झाडाला स्पर्श कळतो, गडगडाटाने फुले-फळे गळतात म्हणून त्याला ऐकू येते, वेल आधार शोधत जाते म्हणून तिला दिसते. अशा रीतीने पाचही इंद्रिये तेथे सिद्ध केली जातात. जैन मत याहून संयत आहे: वनस्पतीला फक्त स्पर्शेंद्रिय असते आणि त्याच्या जोडीला शरीरबल, श्वासोच्छ्वास व आयुष्य एवढेच प्राण असतात. जगदीशचंद्र बोस यांनी 1901 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वनस्पतींचा उद्दीपनाला मिळणारा प्रतिसाद यंत्राने दाखवला. त्यातून जीवतत्त्व सिद्ध झाले असे म्हणणे धाडसाचे होईल, तरी वनस्पती निश्चेष्ट वस्तू आहे हा समज मात्र त्यानंतर टिकणे अवघड झाले.

साधूला एकेंद्रियांचीही हिंसा वर्ज्य असते. गृहस्थाला, म्हणजे श्रावकाला, ते शक्य नसल्याने त्याचे व्रत त्रस जीवांच्या, अर्थात हालचाल करणाऱ्या जीवांच्या, संकल्पपूर्वक हिंसेपासून दूर राहण्याचे असते आणि स्थावर जीवांच्या हिंसेला त्याने शक्य तेवढी मर्यादा घालावी अशी अपेक्षा असते. या मर्यादेचे नाव अनर्थदंडविरमण, म्हणजे प्रयोजनाशिवाय होणाऱ्या हिंसेपासून निवृत्ती. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे यांचा समावेश अनर्थदंडातच केलेला आहे. मग टाकीतील रोपाला प्रयोजन आहे काय? केवळ दिवाणखाना शोभावा, एवढेच उत्तर असेल तर ते पुरेसे नाही. उलट तत्त्वार्थसूत्राने अहिंसाव्रताचा पहिला अतिचार, म्हणजे व्रताला बाधा आणणारे वर्तन, म्हणून बंध, अर्थात प्राण्याला कोंडणे, सांगितला आहे, आणि काचेत ठेवलेला मासा हे त्याचे सरळ उदाहरण आहे. कोणतेही रोप हा दोष पुसू शकत नाही, आणि रोपे लावल्याने टाकी निर्दोष झाली असे समाधान मानणे ही आत्मवंचना ठरेल. मात्र मासा घरात आलेलाच असेल, तर त्याचे कोंडणे सुसह्य करणे हे कर्तव्य उरते, आणि रोपाचे खरे प्रयोजन तेथे सापडते.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून निर्माण होणारा अमोनिया त्यांना विषारी असतो. वाढणारी वनस्पती तो आणि त्यापासून जीवाणूंनी बनवलेले नायट्रेट शोषून घेते, प्रकाशात प्राणवायू सोडते आणि भित्र्या माशाला आडोसा देते. याहून महत्त्वाचे म्हणजे हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती शेवाळाच्या वाट्याची पोषकद्रव्ये घेतात. जैन विचारात शेवाळ साधारण वनस्पतीत मोडते, म्हणजे एका शरीरात अनंत जीव असलेल्या वर्गात; ते काचेवर माजू देऊन आठवड्याला खरवडण्यापेक्षा, रोपे वाढवून आणि दिवा सहा ते आठ तासच लावून ते मुळात कमी उगवू देणे, ही हिंसा घटवण्याची अधिक प्रामाणिक वाट आहे.

याच निकषावर निवडही ठरते. ज्या रोपाला प्रखर दिवा आणि कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा लागतो, ते रंगाच्या मोहाने आणून साध्या टाकीत कुजू देणे हा अनर्थदंडच होय. मंद प्रकाशात तगणारे अ‍ॅन्युबियास किंवा जावा फर्न तेथे योग्य. त्यांचे आडवे खोड वाळूत पुरल्यास सडते, म्हणून ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे लागते. क्रिप्टोकोरिनची पाने जागा बदलल्यावर बहुधा विरघळतात, पण मुळे शाबूत असतील तर ती पुन्हा फुटतात, म्हणून रोप मेले असे समजून फेकण्याची घाई करू नये. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती सह्याद्रीच्या ओढ्यांत निसर्गतःच वाढतात. तेथून त्या उपटून आणणे मात्र कोणत्याही प्रयोजनाने समर्थनीय ठरत नाही.

खरी कसोटी गोगलगायींच्या अंड्यांपाशी लागते. विकत आणलेल्या रोपावरची अंडी पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात बुडवून मारण्याची रूढी आहे. परंतु शंख-शिंपल्यांतले प्राणी द्वींद्रिय, म्हणून त्रस मानले जातात, आणि त्यांची जाणूनबुजून केलेली हत्या श्रावकाच्या व्रतालाच छेद देते. बंदिस्त डबीत ऊतीसंवर्धनाने वाढवलेली रोपे घेतल्यास हा प्रसंगच सहसा उद्भवत नाही, फक्त मुळांना चिकटलेली जेल धुऊन टाकावी लागते. अशी रोपे महाग पडतात, पण व्रताची किंमत व्रतस्थाने द्यायची असते, गोगलगायीने नव्हे.

छाटणीनंतरच्या तुकड्यांचे काय करावे, याबाबत जुना आचार जसाच्या तसा लागू करता येत नाही. पाणी गाळल्यावर कापडावर उरलेले सूक्ष्म जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात अलगद सोडावेत, असा जैनांचा नियम आहे आणि तो करुणेचा आहे. पण परदेशी रोपाचा तुकडा कात्रजच्या तलावात किंवा मुठेला मिळणाऱ्या आंबिल ओढ्यात सोडणे म्हणजे त्याला त्याच्या घरी पोहोचवणे नव्हे. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी जगभर नेलेल्या जलपर्णीने पुण्याच्या नद्यांचे पात्र कसे झाकले जाते, हे दरवर्षी दिसते, आणि त्या थराखाली प्राणवायूअभावी गुदमरणारे मासे पंचेंद्रिय असतात. म्हणून जास्तीचे तुकडे दुसऱ्या टाकीसाठी द्यावेत, आणि घेणारा नसेल तर ते उन्हात पूर्ण वाळवून कुंडीच्या मातीत मिसळावेत. त्यात एकेंद्रियाची हिंसा आहे, ती नाकारता येत नाही, पण ती सप्रयोजन आहे.