भयाची चौकट

भीति ही टाळावयाची वस्तु कीं आस्वादावयाची? गोंदिया जिल्ह्यांतील नागझिऱ्याच्या अरण्यांत तिन्हीसांजेस तळ्याकांठीं उभें असतां वानरांची धोक्याची हांक कानीं आली, म्हणजे रसचर्चा सुचत नाहीं. गाडी कोठें उभी आहे एवढेंच सुचतें. मुक्कामीं परतल्यावर मात्र तीच भीति गोष्टीचा विषय होते. भरतमुनींनीं भयानक व बीभत्स यांना रसांत स्थान दिलें, आणि एडमंड बर्क यानेंहि १७५७ सालीं हेंच ओळखलें कीं, भय पुरेसें दूर असलें तरच तें सुखवितें. हें अंतर कलेंत चौकट पुरविते.

ज्या १९७० सालीं नागझिऱ्यास अभयारण्य हें नांव मिळालें (अभय अर्थात् पशूंना, आपणांस नव्हे!), त्याच सालीं फेब्रुवारींत इंग्लंडांत ‘ब्लॅक सबाथ’ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी निघाली. बारा इंच चौरस वेष्टनावर थेम्सकांठच्या मेपलडरहॅम येथील जुनी पाणचक्की, आणि पुढें काळ्या वस्त्रांतील एक स्त्री. कीथ मॅकमिलन यांच्या या छायाचित्रांत रक्त नाहीं, कवटी नाहीं. तरी पाहणारा दचकतो. पुढें ‘मेटल’ या नांवानें जें कर्णकठोर संगीत वाढलें, त्याच्या वेष्टनांवर प्रेतें व पिशाच्चें यांची गर्दीच झाली, आणि घरोघरचे वडील माणसें चिंतेंत पडलीं.

ती चिंता मला फारशी पटत नाहीं. हिरण्यकशिपूचीं आंतडीं ओढणारा नृसिंह आणि मुंडमाळा घातलेली काली यांचीं चित्रें आपल्या भिंतींवर पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांनीं मुलें बिघडल्याचें कोणी म्हणत नाहीं. मुंबईच्या ‘डीमॉनिक रिझरेक्शन’ या मेटल वृंदानें २०१७ सालीं दशावतारांवरच तबकडी काढली, यांत मला नवल वाटत नाहीं.

खरा प्रश्न निराळा आहे. नॉर्वेमधील ‘मेहेम’ या वृंदाच्या तरुण गायकानें १९९१ सालीं आत्महत्या केली. ज्या सोबत्यास तें प्रेत प्रथम दिसलें, त्यानें पोलिसांस बोलाविण्यापूर्वीं त्याचीं छायाचित्रें काढलीं. आणि १९९५ सालीं त्यांतील एक अनधिकृत तबकडीच्या वेष्टनावर झळकलें. येथें चौकट आहे, पण अंतर नाहीं. नृसिंहाच्या मांडीवरील असुरास आई नाहीं जी दुकानांत शिरून तें चित्र पाहील; या तरुणाचे आप्त मात्र तें पाहूं शकतात.

मग रेषा सरळच झाली, असें कोणी म्हणेल: कल्पिलेलें चालेल, घडलेलें नको. पण ‘आयर्न मेडन’च्या वेष्टनांवरील प्रसिद्ध ‘एडी’चा भेसूर चेहरा डेरेक रिग्ज या चित्रकारास, त्याच्याच सांगण्याप्रमाणें, रणगाड्यावर ठेवलेल्या एका सैनिकाच्या मस्तकाच्या छायाचित्रावरून सुचला. म्हणजे कल्पनेच्याहि मुळाशीं कोणा एकाचें मरण आहेच. माझ्या मतें तरीहि फरक उरतो. एडीच्या मुखांत तो सैनिक कोणासहि ओळखूं येणार नाहीं. चित्रकारानें त्यास झांकलें आहे. पण त्या सैनिकाची संमति कोणीं विचारली होती, याचें उत्तर मजपाशीं नाहीं.

‘मेहेम’च्या त्या तबकडीचे शौकीन म्हणतात कीं, छायाचित्र आम्हीं काढलें नाहीं, आम्ही केवळ विकत घेतलें. पण तें वेष्टनावर छापलें गेलें तें घेणारा मिळेल या भरंवशावरच ना?