वांगी संपली

औरंगपुऱ्यात भाजीमंडईच्या मागच्या गल्लीत एक खाणावळ होती. पाटी नाही, मेनूकार्ड नाही. दोन खोल्या, चार लांब बाकं आणि रात्री साडेनऊपर्यंत न विझणारी शेगडी. चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. जेवायला येणारी पोरं बहुतेक जालना, बीड, परभणीकडची. कोणी अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करणारं, कोणी सरस्वती भुवनमध्ये शिकणारं, कोणी घाटी रुग्णालयात नर्सिंग करणारं. वरच्या मजल्यावरची एकुलती खोली काकूंनी एका मुलीला भाड्याने दिली होती. ती एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायची. खाणावळीत तिला सगळे ताई म्हणायचे.

ताईचा विषय होता नहर-ए-अंबरी. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तीच पुढे १६५३ मध्ये औरंगाबाद झाली. या शहराला पाणी पुरवायला त्याने उत्तरेकडच्या डोंगरांतून जमिनीखालून नहर आणली. मोट नाही, रहाट नाही. डोंगरात झिरपलेलं पाणी नुसत्या उतारावर गावापर्यंत यायचं. ताई या नहरीचा माग काढत उन्हातान्हात हिंडली होती. झुडपांत लपलेले झरोके शोधले, म्हाताऱ्या माणसांना विचारलं, जुने नकाशे पाहिले. मात्र जुन्या वस्तीतल्या एका टप्प्यात तिला नहर सापडली नाही. वर घरं, रस्ते, गटारं. अलीकडचा झरोका मिळाला, पलीकडचा मिळाला, मधलं काहीच नाही. प्रबंधातल्या नकाशात तिने ती जागा कोरी सोडली होती.

प्रबंध जमा झाला. इतरांच्या लेखनाशी साम्य तपासून झालं, ते दहा टक्क्यांच्या मर्यादेत आलं. बाहेरच्या दोन्ही परीक्षकांचे अहवाल आले आणि एके दिवशी व्हायवाची तारीख लागली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. ताईची झोप मात्र त्याच रात्रीपासून उडाली.

तिने दोनशे पानी वही आणली आणि वर लिहिलं, ‘विचारले जाऊ शकणारे प्रश्न’. सुरुवातीला प्रश्न शहाणे होते: हाच विषय का, साधनं कोणती, नवीन काय. मग ते भरकटले. इराणमधल्या कनातींशी, म्हणजे तिथल्या जमिनीखालच्या नहरींशी तुलना करा. मलिक अंबरची जमीन महसूल पद्धत सांगा. पाण्याचा वेग किती? एका प्रश्नाचं उत्तर शोधावं, तर त्यातून दुसरे चार निघत. वही भरत गेली, ताटातली भाकरी तशीच परत जाऊ लागली. पहाटे चारला तिला दचकून जाग यायची आणि छातीत धडधडायचं. तोंडाला कोरड. ज्या प्रबंधाचं एकेक वाक्य तिने स्वतः घासूनपुसून लिहिलं होतं, तोच उघडला की दुसऱ्या कोणाचा तरी वाटायचा.

ती गाईडकडे गेली. सरांनी वही चाळली आणि बाजूला ठेवली.

“परीक्षकांचे अहवाल अनुकूल आल्याशिवाय व्हायवा लागत नाही, एवढं तरी माहीत आहे ना?”

“हो सर. पण समोरासमोर विचारलं आणि नाही आलं तर?”

सर जरा थांबले. म्हणाले, “आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्यांचा प्रबंध लंडनमध्ये परीक्षकांनी परत केला होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली म्हणून बाबासाहेबांना तिथलं शिक्षण अर्धवट टाकून यावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. त्यातली इंग्रज सरकारवरची टीका परीक्षकांना खटकली. पुन्हा लिहा म्हणाले. तोवर जवळचे पैसे संपले होते. ते मुंबईला आले, मांडणी नव्याने केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही. १९२३ च्या ऑगस्टमध्ये प्रबंध परत पाठवला आणि नोव्हेंबरमध्ये डी.एस्सी. मिळवली. त्याचं पुस्तक निघालं तेव्हा प्रस्तावना लिहिली त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी. आणि त्या प्रस्तावनेत कॅनननी छापून सांगितलं, की याचे बरेचसे युक्तिवाद मला मान्य नाहीत. तरी प्रस्तावना दिली. का? माणूस स्वतः विचार करून बोलतोय, हे त्यांना दिसलं होतं. परीक्षकाला तेवढंच बघायचं असतं.”

ताईने मान डोलावली. जिना उतरताना मात्र तिच्या मनात आलं, ते बाबासाहेब होते. मी कोण?

त्या रात्री ती पीपीटी करायला बसली. नकाशाची स्लाइड उघडली आणि मधली कोरी जागा तिच्या डोळ्यांत खुपू लागली. परीक्षकाचं बोट नेमकं इथेच येणार. तिने माउस हातात घेतला आणि दोन झरोक्यांमध्ये एक तुटक निळी रेषा ओढली. नकाशा एकदम पुरा दिसायला लागला. धडधडही थोडी कमी झाली. ती रेषा तशीच ठेवून ताई खाली जेवायला आली.

नऊ वाजून गेले होते. शेवटची पंगत बसली होती. एका नव्या पोराने ताट पुढे केलं. “काकू, वांगं वाढा.”

“वांगी संपली. पिठलं हाय. दोन मिनिटांत गरम देते.”

“अहो, मी आजच महिन्याचे पैसे भरलेत.”

“भरलेस ना? मग पिठलं पोटभर खा. उद्या लवकर ये, वांगं पहिलं तुला वाढीन.”

काकूंचा आवाज चढला नाही की पडलाही नाही. त्यांनी कढई ठेवली, फोडणीत लसूण टाकला, बेसन कालवून ओतलं आणि खरोखर दोन मिनिटांत पोराच्या ताटात वाफाळतं पिठलं आलं. पोरगं मुकाट जेवायला लागलं. त्याने दुसऱ्यांदा मागून घेतलं.

पोरं उठून गेल्यावर ताईने विचारलं, “काकू, संपलं म्हणताना तुम्हाला कसंतरी नाही का वाटत?”

“कसंतरी कहून वाटंल? सकाळी मंडईतून पाच किलो आणली, चाळीस ताटं झाली. संपली म्हंजी लोकं जेवली. उरलेल्या भाजीचीच मला धास्ती.” काकू कढई घासत बोलत होत्या. “पहिल्या वर्षी लई भ्यायची मी. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणावं? मग रश्शात पाणी घालायची. भाजी पुरायची, पण चव जायची. एका पोरानं तोंडावर सांगितलं, काकू, तुमच्या घरचं पाणी चांगलं हाय. त्या दिवसापासून बंद. हाय ते हाय, नाही ते नाही. नाही ते हाय म्हनलं, तर ताट घेऊन बसलेल्या पोराला काय वाढू?” मग त्यांनी ताईच्या ताटाकडे पाहिलं. “आन् तू कहून जेवंना गेलीस चार दिस झाले? परीक्षा तुझी हाय, भाकरीनं काय केलं?”

ताई जेवली. वर गेली, लॅपटॉप उघडला आणि ती निळी रेषा पुसून टाकली. मग वही घेतली. पानोपानी जाऊन प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करायला लागली: हे मला माहीत आहे; हे मी शोधलं, पण मिळालं नाही; हे माझ्या विषयाबाहेरचं आहे. इतके दिवस तिन्ही एकाच ढिगात पडले होते आणि त्या ढिगालाच ती भीत होती. निम्म्याहून जास्त प्रश्न तिसऱ्या खुणेचे निघाले. दुसऱ्या खुणेचे जेमतेम पानभर होते. त्या प्रत्येकापुढे तिने एकेक ओळ लिहिली: कुठवर गेले, का थांबले.

दुसऱ्या दिवशी तिने खाणावळीतल्या पोरांनाच परीक्षक केलं. भाकरी मोडता मोडता प्रश्न सुरू झाले. एमपीएससीवाला म्हणाला, “ताई, पंप नव्हता, तर पाणी गावात आलं कसं?” ताई उतार समजावू लागली, तर शब्द घशात अडकले. पोरगं म्हणालं, “पुस्तकातलं नको, आमच्या शेताच्या पाटासारखं सांगा.” तिने तसं सांगितलं आणि तिचं तिलाच ते पहिल्यांदा नीट कळल्यासारखं वाटलं. नर्सिंगच्या मुलीने आपलं शास्त्र सांगितलं. “घाबरलं की शरीर ॲड्रेनलिन सोडतं ताई, ठोके वाढणारच. श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट सोडायला लावा. आणि उत्तर देण्याआधी एक घोट पाणी. तेवढा वेळ सगळेच देतात.” रोज रात्री पंगत संपल्यावर अर्धा तास हा खेळ चालला. धडधड थांबली नाही, पण तिची सवय झाली.

व्हायवाच्या दिवशी ती रिक्षाने निघाली. भडकल गेट आलं. १६१२ मध्ये मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला दरवाजा, आणि तिथेच बाबासाहेबांचा पुतळा. एकाने तिला विषय दिला होता, दुसऱ्याने विद्यापीठाची वाट. रिक्षावाल्याने विचारलं, “मॅडम, पेपर आहे का?” ती म्हणाली, “हो, तोंडी.” आणि दुप्पट वेळ श्वास सोडत राहिली.

व्हायवा खुला असतो. कोणीही येऊन बसावं, कोणीही विचारावं. मागच्या रांगेत खाणावळीतली दोन पोरं येऊन बसली होती. काकूंना यायला जमलं नाही, दुपारची चाळीस ताटं होती.

ताईने मांडणी केली. पहिली दोन मिनिटं आवाज कापत होता, मग लागला. एक्सटर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, वयस्कर होते. त्यांनी चष्मा लावला, काळ्या रेग्झिनच्या बांधणीचा प्रबंध उघडला आणि खूण घातलेलं पान काढलं. नकाशाचंच.

“इथे नहर तुटलीय. असं का?”

ताईने पाण्याचा घोट घेतला. “सर, या टप्प्यात मला नहर सापडली नाही. अलीकडचा झरोका मी पाहिलाय, पलीकडचाही. मध्ये वस्ती आहे. खोदून पाहता आलं नाही, आणि जुन्या नकाशांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. ती सरळ गेली असावी असा माझा अंदाज आहे, पण पुरावा नाही. म्हणून जागा कोरी ठेवली.”

परीक्षकांनी स्क्रीनवरच्या नकाशाकडे पाहिलं, हातातल्या पानाकडे पाहिलं. दोन्हीकडे तीच कोरी जागा होती. त्यांनी पेन्सिलने पानावर काहीतरी टिपलं. आदल्या आठवड्यातली निळी रेषा पडद्यावर असती, तर पुढचा प्रश्न काय आला असता, हे ताईला त्या क्षणी लख्ख दिसलं.

“फार्सी साधनं मुळातून वाचलीत?”

“नाही सर. भाषांतरं वाचली. माझी फार्सी तेवढी नाही.”

“ही उणीव आहे.”

“हो सर, आहे. म्हणून माझे मुख्य निष्कर्ष मी प्रत्यक्ष पाहणीवर ठेवलेत. ग्रंथांचा आधार फक्त काळ ठरवायला घेतलाय.”

परीक्षक हसले नाहीत. आणखी बरेच प्रश्न झाले. एका प्रश्नाला ती चाचरली, एकाला चक्क म्हणाली, “सर, याचा मी विचारच केला नव्हता.” शेवटी त्यांनी अहवाल वाचला. पदवीची शिफारस होती. खाली एक सूचना होती: पुस्तक काढाल तेव्हा फार्सी साधनांची मर्यादा प्रस्तावनेत स्पष्ट लिहावी. टाळ्या झाल्या, पेढे फिरले, शाल आली. सर पहिल्यांदा “डॉक्टर” म्हणाले.

चहाच्या वेळी ताईने धीर करून एक्सटर्नलना विचारलं, “सर, सगळ्यात आधी नकाशावरच का बोट ठेवलंत?”

“कोऱ्या जागेवर बोट ठेवलं की विद्यार्थी कळतो,” ते म्हणाले. “काही जण ती बोलून भरायला बघतात. मग मला आधीची पानंही पुन्हा वाचावी लागतात.”

तात्पर्य: परीक्षेआधीची धडधड जात नसते आणि ती जायची वाट पाहत बसूही नये. मात्र तिच्यातली निम्मी धडधड असते ती सगळं माहीत असल्याचं सोंग वठवायची. सोंग सोडलं की उरते ती कामापुरती, आणि तेवढी धडधड सोबत घेऊन बोलता येतं. आपल्याकडे काय आहे, काय नाही आणि काय आपलं नाहीच, हे परीक्षकाने विचारण्याआधी स्वतःशी निवडून ठेवावं. आहे ते गरम वाढावं. नाही ते नाही म्हणावं. रश्शात पाणी घालू नये.