हात बसलाय, पण सही कोणाची?

बोईसरमध्ये कुठल्याही चहाच्या टपरीवर उभे राहा आणि 'लाइटवाला पाहिजे' म्हणा. दहा मिनिटांत चार जण हजर होतील. चौघांचाही हात बसलेला असेल. 'परमिट आहे का?' असं विचारलंत, तर त्यातले तिघं हसतील.

मीही त्या तिघांतलाच. दहावीनंतर, 2009 साली, तारापूर एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागलो. केबल ओढणं, ग्लँड मारणं, पॅनेल भरणं, मोटारी जोडणं, सगळं मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो. सही कायम ठेकेदाराची, काम आमचं. आता पस्तिशीत वायरमन परमिटच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. मित्र विचारतात, "तुला जे येतंच, त्यासाठी कागद कशाला?"

टिंगल असली तरी प्रश्न खरा आहे. इतकी वर्षं रोज केलेलं काम मला 'येतं', हे परीक्षेशिवाय कोणी मानणार नसेल, तर त्या वर्षांची किंमत काय? आणि उद्या नापास झालो, तर ते काम मला कधी येतच नव्हतं असं म्हणायचं का?

कायद्याला याबद्दल शंका नाही. 1956 च्या भारतीय वीज नियमांतला 45 वा नियम सांगतो, की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच असल्या किरकोळ बदल्या सोडल्या, तर वायरिंगचं काम लायसनधारक ठेकेदारानेच करायचं, प्रमाणपत्रधारक सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या माणसाच्या हातून. 2010 साली त्या नियमांची जागा केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली, 2023 मध्ये त्यांचीही नवी आवृत्ती आली. अट तीच राहिली. म्हणजे तुमच्या घरात नवं सर्किट ओढणारा हुशार माणूस कायद्याच्या नजरेत कोणीच नसू शकतो.

गिल्बर्ट राईल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने 1949 मध्ये 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात एक फरक मांडला. एखादी गोष्ट 'अशी आहे' हे माहीत असणं वेगळं, आणि ती 'कशी करायची' हे येणं वेगळं. दुसरं हे पहिल्याचं धाकटं भावंड नाही, असं त्याचं म्हणणं. चांगला कारागीर आधी डोक्यात नियम वाचून मग हात हलवत नाही. त्याची अक्कल हाताच्या हालचालीतच असते. फोनवर हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. कोणीतरी आपल्या बाजूचं बोललं.

पण अभ्यास सुरू केला आणि ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

आधी शब्दांनी अडवलं. मी आयुष्यभर 'करंट' म्हणालो, पुस्तक 'विद्युतधारा' म्हणतं. 'विभवांतर' हा शब्द मला नववीतल्या भाचीने समजावला. "मामा, तुम्ही रोज व्होल्टेज मोजता ना, तेच ते!" असं म्हणून हसली. मग स्टार-डेल्टा. मोटारीच्या सहा वायरी मी डोळे झाकून जोडतो. स्टारमध्ये सुरू केली की करंट कमी येतो, हे क्लॅम्प मीटरवर कितीदा पाहिलंय. पण बरोबर एक तृतीयांशच का? प्रत्येक वाइंडिंगला 415 ऐवजी सुमारे 240 व्होल्ट मिळतात, तिथून हिशोब सुरू होतो. तो वहीत सोडवायला मला तीन रात्री लागल्या. त्या तीन रात्रींनी मी एकही मोटार जास्त चांगली जोडायला लागलो नाही, हे मान्य.

मग त्यांचा उपयोग काय झाला? इथे मला मिस्त्री आठवतात. त्यांच्या शिकवणीत कारणं नव्हती, हुकूम होते. "बॉडीला पहिला हात उलटा लाव." "न्यूट्रलवरून अर्थ द्यायचा नाही, गिऱ्हाईक कितीही रडलं तरी." का, असं विचारलं की म्हणत, "जगायचंय ना?" मी ते पाळत आलो.

उलट्या हाताचं कारण आता कळलं. करंट लागला की बोटं मिटवणारे स्नायू आवळतात. तळहाताने धरलेलं असेल, तर हात सुटतच नाही.

न्यूट्रलची गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण तो उद्योग घराघरांत दिसतो. अर्थिंग नसतं, म्हणून थ्री-पिन सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला वायरचा एक तुकडा जोडून देतात. टेस्ट लॅम्प मस्त पेटतो. मालक खूश. मग एका पावसाळ्यात खांबावरून येणारी न्यूट्रल तुटते, आणि फेज फ्रिजच्या आतून फिरून त्याच तुकड्याने फ्रिजच्या पत्र्यावर येते. दाराला ज्याचा ओला हात लागेल, त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. साध्या 9 वॉटच्या एलईडी बल्बला सुमारे 40 मिलिअँपिअर लागतात. एवढाच करंट छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. जीव वाचवायला बसवतात ती आरसीसीबी म्हणूनच 30 मिलिअँपिअरला तुटणारी असते.

असा तुकडा जोडणाऱ्याला टोकलं, तर उत्तर ठरलेलं असतं, "दहा वर्षं करतोय, काही झालं नाही." तो खोटं बोलत नाही. पण त्या दहा वर्षांनी इतकंच सिद्ध केलं, की न्यूट्रल तुटली नाही. जोडणी बरोबर होती, हे सिद्ध झालं नाही. आणि ज्याच्या बाबतीत तुटली, तो आपला अनुभव सांगायला टपरीवर येत नाही.

रोज घडणाऱ्या गोष्टी अनुभव उत्तम शिकवतो. क्वचित घडणाऱ्या गोष्टी तो शिकवू शकत नाही, कारण त्या तुमच्या वाट्याला आलेल्याच नसतात. आमच्याकडे याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून चालू आहे. तिथल्या कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो ठरावीक काळाने पुन्हा सिद्ध करावा लागतो. 'वीस वर्षं बटणं दाबतोय' हे तिथे उत्तर नाही. ज्या प्रसंगासाठी त्याला तयार ठेवायचं, तो प्रसंग त्याने कधी पाहू नये, हीच तर सगळी धडपड. पाड्यावरच्या सॉकेटला हे लागू का होऊ नये? तिथे मरणारा एकटाच असतो, म्हणून?

पुस्तकात इतरांचे अपघात साठवलेले आहेत, फक्त त्यांना नावं नाहीत, नियमांचे नंबर आहेत. माझा अनुभव एकट्याचा आहे. राईल चुकला असं मी म्हणत नाही. करपलेल्या बॅकेलाइटचा वास, खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं तांबं, कॉन्टॅक्टरच्या आवाजातली जराशी कुरकुर, यातलं काही मला पुस्तकाने दिलेलं नाही. तसं ते कोणत्या परीक्षेत विचारणारही नाहीत, आणि ही त्या परीक्षेची उणीवच आहे. पण परमिट हे माझ्या हाताला दिलेलं बक्षीस नाही, असं आता वाटतं. मी गेल्यावर जो त्या वायरीपाशी येईल, मला न ओळखता स्विच दाबेल, त्याला दिलेला तो शब्द आहे. हात कितीही चांगला असला, तरी त्या माणसाला तो दिसत नाही.

असं असेल, तर पुढचा प्रश्न जड जातो. एका ठेकेदाराने आत्ताच विचारून ठेवलंय. "परमिट आलं की नंबर आमच्याकडे लाव. महिन्याला 2,000 घे. साइटवर यायची गरज नाही." कागदावर परमिटवाला माणूस हजर होता, एवढंच त्याला दाखवायचंय. प्रत्यक्ष काम एखादा एकोणीस वर्षांचा पोरगा करेल. 2009 सालचा मीच म्हणा ना.

बायको म्हणाली, "तुम्ही नाही दिलात तर दुसरा देईल. ते पोर तसंही एकटंच काम करणार. मग आपले 2,000 का सोडायचे?" याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. हिशोबाने तिचं बरोबर आहे, माझ्या नकाराने त्या साइटवरची एक वायरही बदलत नाही. पण घरगुती वायरिंगची टेस्ट काय आहे ते बघा. 500 व्होल्टचा मेगर एक मिनिट लावायचा, आणि इन्सुलेशन निदान एक मेगओहम भरलं पाहिजे. खालच्या सहीचा अर्थ एवढाच, की कोणीतरी ते एक मिनिट तिथे उभं होतं. न उभा राहता नंबर दिला, तर मी नक्की काय विकलं? कौशल्य तर नाही, ते घरीच राहिलं.

मी ठेकेदाराला सांगितलं, नंबर लावतो, पण मेगर मी मारणार. त्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी साइटवर येणार, आणि ते पोरगं माझ्या सोबत उभं राहणार. तो म्हणाला, "मग तू महाग पडशील." त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.