उपाहारगृहातील उमेदवारी

१९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि पोलादाच्या रोजगारावर येथे असंख्य संसार उभे राहिले. परंतु ज्यांच्यापाशी शाळेचा दाखला नाही, अथवा ज्यांच्या कानी जन्मतःच शब्द पडला नाही, त्या तरुणांनी उमेदवारी करावी तरी कोठे? जवळच्याच रायपुरात प्रियंक पटेल या अभियंत्याने २०१३ साली ‘नुक्कड’ हे चहागृह काढले आणि तेथील सरबराई मूकबधिर मुलामुलींच्या हाती सोपविली. गिऱ्हाइकाने आपली फर्माईश कागदावर लिहून वा हातांच्या खुणांनी सांगावी आणि वाढप्याने ती नजरेने टिपून घ्यावी, असा तेथील दस्तूर. ही व्यवस्था मला विशेष मोलाची वाटते, कारण येथे शिकण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावरही येते. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून खाणावळवाल्या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेही याच जातीचे कार्य. भरलेले तबक न हिंदकळता नेणे, उष्टी भांडी वेळच्या वेळी उचलणे, हिशेब चुकू न देणे, हे सारे हुन्नर तालमीनेच अंगी मुरतात. म्हणून भिलाईच्या रुआबांधा भागातील उपाहारगृहांच्या मालकांनी अशा एकेका मुलासाठी जागा राखावी आणि पहिल्या दिवसापासून त्याला मेहनताना द्यावा, ही माझी कळकळीची विनंती.