जमीन आपल्याकडे सोपवलेली आहे



पावसाळा जवळ आला की आपल्या भागात दोन विषय निघतात : बियाण्याचे भाव आणि धुऱ्याचे वाद. दोन भावांच्या धुऱ्यावर एखादे कडुनिंबाचे झाड असते. ते कोणाचे, यावरून बोलणे बंद होते आणि शेवटी झाडच तोडले जाते. झाड जाते, वाद तसाच राहतो.

पवित्र शास्त्रात लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात परमेश्वर बजावतो की जमीन कायमची विकायची नाही. ती त्याची आहे आणि आपण तिच्यावर पाहुणे आहोत. उत्पत्तीच्या २ऱ्या अध्यायात आदामाला बागेत दोन कामे दिली आहेत : मशागत आणि राखण. मशागत आपण करतो. राखण कोण करतो?

याचे एक उत्तर आपल्याच वऱ्हाडात आहे. अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यात, मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर हे कोरकू आदिवासींचे छोटे गाव आहे. गावाजवळचे जंगल उजाड झाले होते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली गावाला सुमारे १९२ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने झाडे लावली, तोड थांबवली. जंगल पुन्हा उभे राहिले आणि तिथली सीताफळे मुंबईच्या बाजारापर्यंत गेली. २०१४ साली या कामाला जैवविविधता पुरस्कारही मिळाला.

एक गोष्ट लक्षात घ्या. हा हक्क पुढच्या पिढीकडे जातो, पण तो विकता येत नाही. पायविहीरचे लोक जंगलाचे मालक झाले नाहीत, राखणदार झाले. लेवीय पुस्तकाला हेच तर सांगायचे आहे!

कोणी म्हणेल, "फादर, माझ्याकडे गुंठाभरही जमीन नाही, मी काय राखू?" पायविहीरकरांच्या नावावर तरी ते जंगल कुठे होते? आणि ज्यांच्याकडे सातबारा आहे त्यांच्यासाठी १३व्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आहे : मालमत्तेची व्यवस्था माणसाने स्वतः पाहावी, पण तिचा उपयोग सर्वांसाठी आहे हे विसरू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला सर्वांचे सामाईक घर म्हटले ते याच अर्थाने.

मीही निर्दोष नाही. चर्चच्या आवारात गाड्या लावायला जागा हवी म्हणून मी एका झाडाच्या मोठ्या फांद्या तोडायला सांगितल्या. धर्मशिक्षण वर्गातल्या एका मुलाने विचारले, "फादर, आता आम्ही कुठे बसायचे?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून या पावसाळ्यात एक विनंती. ज्या भावाशी धुऱ्यावरून बोलणे बंद आहे त्याच्याकडे जा आणि दोघे मिळून त्या धुऱ्यावर एक झाड लावा. वेदीपाशी येण्याआधी भावाशी समेट करा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. ज्यांना शेत नाही त्यांनी मुलांबरोबर चर्चच्या आवारात यावे. खड्डे आपण मिळून खणू. पहिला खड्डा मी खणतो.

प्रभू आपणा सर्वांना विश्वासू कारभारी करो. आमेन.

आपला,
धर्मगुरू