छायाचित्राचे देणे

मराठीत आपण छायाचित्र 'काढतो'. विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो आणि कर्जही काढतो. या एकाच क्रियापदात इतक्या क्रिया कशा सामावल्या, हा भाषापंडितांचा विषय. परंतु पंचवीस-तीस वर्षे कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडलेल्या माझ्यासारख्या हौशी माणसाला त्यांतील शेवटचा अर्थ अलीकडे वारंवार आठवतो. दुसऱ्याचा चेहरा आपण काढतो, घरी घेऊन येतो, तेव्हा त्याचे आपल्याकडे काही देणे लागते काय? आणि लागत असेल तर ते फेडायचे कसे?

मी व्यवसायाने शिक्षक. छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण मला नाही. १९९४ साली एका मित्राकडून जुना कॅमेरा विकत घेतला, सोबत पन्नास मिलिमीटरचे एकच भिंग. रविवारी सकाळी चर्चहून परतल्यावर आम्ही दोघे-तिघे सायकलींवरून वसईच्या किल्ल्यात जात असू. ती आमची शाळा. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे आलेला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकलेला हा किल्ला आता मुळांच्या आणि शेवाळाच्या ताब्यात आहे. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यावर सकाळचे तिरपे ऊन पडले की दगडाचा प्रत्येक खवला वेगळा दिसतो. दहा वाजता तोच मनोरा सपाट पुठ्ठ्यासारखा भासतो. प्रकाश ही वस्तू नसून वेळ आहे, हे मला तिथे कळले. एका रोलमध्ये छत्तीस चित्रे. रोल, धुलाई आणि प्रती यांचा खर्च शिक्षकाच्या पगाराला जाणवणारा. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी दहादा विचार होई, आणि आठवड्याने प्रती हाती आल्या की छत्तीसांतील तीस चुका वहीत लिहून ठेवायच्या. छिद्र किती होते, पडदा किती वेगाने उघडला, ऊन कोठून येत होते. मुलांना शुद्धलेखन घालणाऱ्या माझ्या स्वभावाला ते मानवले.

दगड तक्रार करीत नाहीत. माणसांकडे वळल्यावर खरा पेच सुरू झाला. समोरच्याला विचारावे, तर तो केस सावरतो, सदऱ्याचे बटण लावतो, ताठ उभा राहतो. ज्या क्षणासाठी आपण थांबलो तो निघून जातो. न विचारावे, तर आपण चोर. थोरांकडे पाहावे, तर तेही या पेचातून सुटलेले दिसत नाहीत. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकून ठेवीत, कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. आणि हेच गृहस्थ स्वतःचे छायाचित्र काढू देण्यास मात्र नाखूश असत! मला हा विरोधाभास हसण्यासारखा वाटत नाही. ज्याने आयुष्यभर इतरांना टिपले, त्याला टिपले जाणे म्हणजे काय असते ते नेमके ठाऊक असणार.

२००३ साली काशीला गेलो होतो. पहाटे नावेतून मणिकर्णिका घाटासमोर आलो. चितांचा धूर, पायऱ्यांवर रचलेली लाकडे, आणि पाण्याच्या कडेला नुकतेच मुंडन केलेला, पांढऱ्या वस्त्रातला एक तरुण एकटाच उभा. एव्हाना माझ्याजवळ दोनशे मिलिमीटरचे लांब भिंग आले होते. मी ते डोळ्याला लावले आणि एक चित्र घेतले. दुसरे घेणार तोच नावाड्याने वल्ही थांबवली आणि शांतपणे म्हटले, "उसे रख दीजिए, बाबूजी." तो रागावला नव्हता, घरात मोठ्याने बोलणाऱ्या पाहुण्याला सांगावे, तसे त्याने मला सांगितले. मी कॅमेरा पिशवीत घातला. ते एकमेव चित्र मात्र उत्तम आले आहे. रेषा, धूर, प्रकाश, सारे जागच्या जागी. वीस वर्षांहून अधिक काळ ते माझ्या कपाटाच्या खणात पालथे पडून आहे. फाडूनही टाकवत नाही आणि कुणाला दाखवावेसेही वाटत नाही.

दुसरी बाजू मी घरातच पाहिली होती, पण तेव्हा तिचा अर्थ उमगला नाही. आमची आई शेवटपर्यंत लाल चौकड्यांचे लुगडे नेसत असे. एकदा ती सुकेळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन बहिणीच्या घरी निघाली असता कुणा पाहुण्याने रस्त्यात तिचे छायाचित्र घेतले. वर्षा-दोन वर्षांनी ते एका माहितीपुस्तिकेत छापून आले. खाली ओळ होती, 'वसईची भाजीवाली'. टोपलीत भाजी नव्हती आणि आईने जन्मात काही विकले नव्हते. आम्ही भावंडे खूप हसलो. आई हसली नाही. तिने ते पान बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ह्याला माझे नाव विचारायला काय झाले होते?"

हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडच्या एका स्त्रीने विचारला होता, हे मला बरेच नंतर वाचनात आले. १९३६ च्या मार्च महिन्यात डोरोथिया लँग ही छायाचित्रकार अमेरिकन सरकारच्या कामावर कॅलिफोर्नियात फिरत होती. मंदीचे दिवस होते. महिन्याभराच्या भटकंतीनंतर ती पावसात घरी परतत असता निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी तिला दिसली. ती पुढे निघून गेली. सुमारे वीस मैल गेल्यावर मनाला काही स्वस्थ बसू देईना, तेव्हा गाडी वळवून परत आली. तळावर एका फाटक्या राहुटीत बत्तीस वर्षांची एक आई मुलांना घेऊन बसली होती. पीक गोठून गेल्यामुळे काम नव्हते. लँगने काही मिनिटांत मोजकीच चित्रे घेतली. त्यांतील शेवटचे, 'मायग्रंट मदर' या नावाने जगाला ठाऊक असलेले. हात गालाला लावून दूर पाहणारी आई आणि दोन्ही खांद्यांवर तोंड फिरवून टेकलेली मुले. ही छायाचित्रे सॅन फ्रान्सिस्कोच्या दैनिकात झळकली आणि सरकारने त्या तळावर वीस हजार पौंड अन्नधान्य पाठवले. तोवर ती आई आणि तिची मुले तिथून पुढे निघून गेली होती.

तिचे नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ते जगाला कळण्यास १९७८ साल उजाडावे लागले. लँगने ते विचारलेच नव्हते. लँग १९६५ मध्ये निवर्तली होती. वृद्ध थॉम्प्सनबाईंनी वार्ताहराला जे सांगितले त्यात कडवटपणा होता. आपले छायाचित्र काढले नसते तर बरे झाले असते, आपल्याला त्यातून एक पैसाही मिळाला नाही, आपले नाव विचारले नाही, आणि प्रत पाठवते म्हणाली होती ती कधी पाठवली नाही. लँगलाही त्या चित्राचे मानधन मिळत नव्हते, कारण ते सरकारच्या मालकीचे होते. पण कीर्ती तिला मिळाली आणि थॉम्प्सनबाईंना मिळाली ती दारिद्र्याची ओळख. गोष्ट इथेही संपत नाही. १९८३ साली त्या अत्यवस्थ झाल्या, औषधोपचाराला पैसे नव्हते, तेव्हा मुलांनी आवाहन केले आणि त्या चित्राने हेलावलेल्या अनोळखी माणसांनी पस्तीस हजार डॉलरांहून अधिक रक्कम पत्रांसह धाडली. आपल्या आईचे चित्र लोकांना लाजिरवाणे नव्हे तर धीराचे वाटले होते, हे मुलांना तेव्हा समजले. त्याच वर्षी त्या वारल्या.

आता न्याय कसा करायचा? पुष्कळांच्या कल्याणासाठी एकीच्या लाजेची किंमत मोजणे योग्य, असे कुणी म्हणेल. मला हा हिशेब पटत नाही. किंमत मोजणारा एक आणि व्यवहार ठरवणारा दुसरा असला की तो हिशेब राहत नाही. पण लँगने गाडी वळवलीच नसती तर ते बरे झाले असते, असेही म्हणवत नाही. वीस मैलांवरून परत येणे हे माणुसकीचे काम होते. चूक त्यानंतर झाली, आणि ती क्षुल्लक भासणारी चूक आहे: नाव आणि प्रत. छायाचित्रणाच्या नीतीविषयी आपण बोलतो तेव्हा सारा भर परवानगीवर असतो. परवानगी हवीच. तरी गरीब माणूस कॅमेरावाल्या पाहुण्याला सहसा नाही म्हणत नाही, हे मी अनुभवाने जाणतो. त्याच्या 'होय'मध्ये आतिथ्य किती आणि भीड किती, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. परवानगीने व्यवहार सुरू होतो. त्या क्षणानंतरचे देणे आपण विसरतो. पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत १९८४ साली घेतलेला हिरव्या डोळ्यांच्या शरबत गुलाचा चेहरा पुढच्या वर्षी एका मासिकाच्या मुखपृष्ठावरून जगभर गेला; तिने स्वतः तो पाहिला २००२ मध्ये. साऱ्या जगाने पाहिल्यानंतर, सतरा वर्षांनी.

इतके सारे शहाणपण सांगणाऱ्या माझे स्वतःचे काय, ते आता सांगितले पाहिजे.

२००९ च्या जानेवारीत मी नवा डिजिटल कॅमेरा घेऊन अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो. बांबूंच्या वलांडीवर जोडीजोडीने अडकवलेले बोंबील, मागे समुद्र आणि पलीकडे बेटावरचा किल्ला. एक वृद्ध कोळीण झपाझप हात चालवीत होती. मी विचारून चित्रे काढली. "मास्तर, माजा फोटू काडून तुला काय भेटनार?" असे म्हणून ती हसली आणि मग म्हणाली, "मला पन एक आनून दे." मी होय म्हटले. ते म्हणताना मी पडद्यावरची चित्रे पाहत होतो.

रात्री घरी निवड केली. तीनशेवीस चित्रांतून अठरा ठेवली. त्या आजींची समोरून घेतलेली चार-पाच होती. एकात डोळे मिटलेले, एकात मागच्या बांबूने कपाळ छेदलेले, एकात हसताना चेहरा हललेला. सगळी पुसून टाकली. रोलच्या काळात असे चित्र निदान निगेटिव्हच्या पट्टीत तरी उरले असते. आता एका बटणासरशी ते नाहीसे होते आणि नाहीसे केल्याचे समाधानही मिळते. ठेवले ते एकच, पाठमोरे, ज्यात तिचे दोन हात आणि चंदेरी बोंबील उत्तम आले होते. त्याला एका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले.

प्रत द्यायला गेलो तो थेट पुढच्या दिवाळीनंतर. आजी पावसाळ्यात गेल्या होत्या. दारात मुलगा भेटला. त्याने मला ओळखले. आईने सांगून ठेवले होते म्हणे, मास्तर फोटो घेऊन येणार आहेत. भिंतीवर हार घातलेली तसबीर होती. मतदार ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा चेहरा वाढवून केलेली. नाक-डोळे करड्या ठिपक्यांत विरघळलेले. दुसरे छायाचित्र घरात नव्हते. मी पाकिटातून बक्षीसपात्र चित्र काढून दिले. त्याने ते उजेडाकडे धरले, उलटून मागची बाजूही पाहिली. "चेहरा नाय यात," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "दुसरा व्हता ना? हसतानाचा? ती सांगायची."

मी काय सांगणार होतो? तो हललेला होता म्हणून?

चांगले छायाचित्र म्हणजे काय, हे शिकण्यात मी पंधरा वर्षे घालवली होती आणि त्या ओसरीवर ती सारी विद्या निरुपयोगी ठरली. आपल्याही जुन्या घरांत पाहा. आल्तारापलीकडच्या भिंतीवर आजा-आजींची जी चित्रे असतात त्यांत कलेच्या दृष्टीने धड एखादेच निघेल. काहींच्या घरी आजोबांचे एकुलते एक चित्र असते ते शवपेटीतले, भोवती सारा गोतावळा उभा करून घेतलेले. आणि नातवंडे त्यातच त्यांचे नाक कुणासारखे ते शोधतात. चित्राचे मोल ठरवण्याचा अधिकार केवळ काढणाऱ्याकडे असतो हे मी कुठे, कधी शिकलो, ते मला आठवत नाही. कुणी शिकवले नसावे. हाती कॅमेरा आला की ते आपोआप येत असावे.

निघताना त्या मुलाने पाठमोरे चित्र पाकिटात नीट ठेवले आणि विचारले, "किती झाले?" तो पैसे विचारीत होता. मला बोलवेना; मी नुसती मान हलवली. तेव्हा त्याने आतून बायकोला आणि दोन्ही पोरांना हाक मारली, भिंतीशी रांगेत उभे केले, स्वतः खुर्ची घेऊन मधोमध बसला आणि म्हणाला, "मग आमचा तरी काडा." ऊन वरून होते, भिंत पांढरीफेक, पोरे चुळबुळत होती. मी चार चित्रे घेतली, चौघांची नावे वहीत लिहून घेतली आणि आठव्या दिवशी चारांच्या चार प्रती नेऊन दिल्या. एकीत धाकट्याचे डोळे मिटले होते. तीही दिली.